सव्हॅनाच्या जुन्या गावात राहायला येताय? आधी स्क्वेअर निवडा, मग घर

अमेरिकेत गाडीवाचून पान हलत नाही, हे नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतं. जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरचं सव्हॅना शहरही एकूणात तसंच. पण नदीकाठच्या त्याच्या जुन्या गावात, म्हणजे इथले लोक ज्याला नुसतं ‘डाउनटाउन’ म्हणतात तिथे, आजही पायी संसार चालवता येतो. कॉफी, बँक, बाग, संग्रहालय, केस कापायचं दुकान, शनिवारचा भाजीबाजार, सगळं चालत.

मराठी मंडळी इथे येतात ती ठरावीक वाटांनी. कोणी सव्हॅना कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइनमध्ये, म्हणजे ‘स्कॅड’मध्ये शिकायला येतं. कोणी गल्फस्ट्रीमच्या विमान कारखान्यात, कोणी बंदराच्या कामात, तर कोणी एलाबेलच्या नव्या ह्युंदाई प्रकल्पात नोकरीला. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: पूलर या उपनगरातल्या नव्या अपार्टमेंट संकुलात राहायचं की डाउनटाउनला? पूलरला घर नवं, गाडी लावायला भरपूर जागा, विमानतळ जवळ. तरीही घरातलं एखादं माणूस गाडी चालवत नसेल, तर मी डाउनटाउनच सुचवते. मग ती अजून परवाना न काढलेली बायको असो, नवरा असो किंवा सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. पूलरला त्या माणसाचा दिवस दुसऱ्याच्या गाडीची वाट बघण्यात जातो. इथे तो किल्ली खिशात टाकतो आणि बाहेर पडतो. त्यासाठी भाडं जास्त मोजावं लागतं, घर लहान मिळतं आणि जुन्या वास्तूचे लाड पुरवावे लागतात. म्हणून हे टप्प्याटप्प्याने लिहिते आहे.

१. नकाशा डोक्यात बसवा

हे गाव १७३३ मध्ये जेम्स ओगलथॉर्पने वसवलं, नदीपासून सुमारे ४० फूट उंच असलेल्या यामाक्रॉ कड्यावर. आखणी अगदी सोपी होती. एक वॉर्ड, त्याच्या मधोमध मोकळी जागा म्हणजे स्क्वेअर. स्क्वेअरच्या पूर्व-पश्चिमेला चर्च आणि सार्वजनिक इमारतींसाठी चार मोठे भूखंड, उत्तर-दक्षिणेला घरांसाठी छोटे ४० भूखंड. गाव वाढलं तसा हाच साचा पुढे पुढे गिरवला गेला. १८५१ पर्यंत असे २४ स्क्वेअर झाले, त्यातले २२ आज आहेत. गर्द सावली, बाकडी, मधे पुतळा किंवा कारंजं, आणि दोन-तीन मिनिटं चाललं की पुढचा स्क्वेअर.

भाडेकरूच्या दृष्टीने या आखणीतून एक गोष्ट समजून घ्यायची: इथे दोन जातींचे रस्ते आहेत. बुल, अॅबरकॉर्न, हॅबरशॅम, बर्नार्ड हे दक्षिणोत्तर रस्ते प्रत्येक स्क्वेअरला येऊन अडतात. गाडीला वेग कमी करून वळसा घालावा लागतो, त्यामुळे ते शांत आहेत. ड्रेटन आणि व्हिटेकर हे रस्ते वॉर्डांच्या मधून सरळ जातात, एकेरी आहेत आणि गाड्या तिथून सुसाट निघतात. पत्ता एकाच ब्लॉकचा असला तरी झोपायच्या खोलीची खिडकी कुठल्या रस्त्यावर उघडते, यावर तुमची रात्र ठरते. जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही, तुम्हीच विचारायचं.

पत्त्यातलं ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’ गाळू नका. बुल स्ट्रीटपासून दोन्हीकडे घरांचे क्रमांक सुरू होतात, म्हणजे ईस्ट जोन्सवरचं घर आणि त्याच क्रमांकाचं वेस्ट जोन्सवरचं घर ही दोन वेगळी घरं. पार्सलं नेमकी इथेच भरकटतात.

जुन्या गावाच्या हद्दी साधारण अशा: उत्तरेला नदी, दक्षिणेला ग्विनेट स्ट्रीट, पूर्वेला ईस्ट ब्रॉड आणि पश्चिमेला मार्टिन ल्यूथर किंग बुलेव्हार्ड. ग्विनेटच्या खाली व्हिक्टोरियन डिस्ट्रिक्ट लागतो. तिथे लाकडी घरं, मोठे व्हरांडे, आणि स्कॅडचे विद्यार्थी बरेच.

२. स्क्वेअर निवडा

घरं बघत सुटण्याआधी एक पूर्ण दिवस नुसता चालण्यात घालवा. शक्यतो शनिवार, कारण शनिवारी रात्री खरं काय ते कळतं.

सिटी मार्केट, एलिस स्क्वेअर, बे स्ट्रीट आणि रिव्हर स्ट्रीट हा उत्तरेचा पट्टा पर्यटकांचा. बार उशिरापर्यंत उघडे असतात. शिवाय जुन्या गावातल्या ठरवून दिलेल्या भागात कागदी किंवा प्लास्टिकच्या पेल्यातून, १६ औंसांपर्यंत, दारू हातात घेऊन रस्त्यावर फिरायला परवानगी आहे. अमेरिकेत हे फार थोड्या ठिकाणी चालतं, त्यामुळे लोक त्यासाठीच येतात. विशीतल्या विद्यार्थ्याला हा भाग आवडेल. लहान मूल घरात असेल तर मी तिकडे जाणार नाही.

बुल स्ट्रीटवरून दक्षिणेला निघालात की ओगलथॉर्प अॅव्हेन्यू ओलांडल्यावर आवाज बदलतो आणि लिबर्टी स्ट्रीटनंतर तर पुष्कळच खाली येतो. मॅडिसन, मॉन्टरे, लाफायेत, पुलास्की हे स्क्वेअर आणि विटांच्या फरसबंदीची जोन्स स्ट्रीट हा सगळ्यात देखणा भाग, आणि भाडंही त्याला साजेसं. फॉर्सिथ पार्क इथून हाकेच्या अंतरावर. ३० एकरांची ही बाग आणि तिच्यातलं १८५८ चं पांढरं कारंजं हे या गावाचं अंगणच आहे. आई-बाबांसाठी घर बघत असाल तर फॉर्सिथच्या उत्तर टोकापासून दहा मिनिटांच्या आत शोधा, कारण तिथे रोज सकाळी चालणारे तेच तेच चेहरे दिसतात आणि ओळखी आपोआप होतात.

माझी स्वतःची शिफारस मात्र ईशान्य कोपऱ्याची. वॉशिंग्टन, वॉरेन, ग्रीन, क्रॉफर्ड या स्क्वेअरभोवती बुटकी, साधी, रंगीत लाकडी घरं आहेत. वाड्यांचा थाट नाही, म्हणून पर्यटकांच्या ट्रॉल्या कमी थांबतात. खरे रहिवासी तिथे जास्त दिसतात, आणि नदी चार पावलांवर.

एक चौकशी जरूर करा: शेजारचं घर कोणी राहतं की रात्रीच्या भाड्याने जातं? मालक स्वतः राहत नाही अशा पर्यटक-भाड्याच्या घरांवर प्रत्येक वॉर्डात मर्यादा घातलेली आहे, तरी काही गल्ल्यांत ती भिंतीला भिंत लागून असतात. तिथे दर शुक्रवारी नवे शेजारी येतात, आणि रात्री एक वाजता चाकांच्या बॅगा विटांवरून खडखडत जातात.

३. घर बघताना

इथलं ठरावीक जुनं घर म्हणजे रस्त्यापासून उंच दगडी किंवा लोखंडी जिना, वर मुख्य मजला, जिन्याखाली अर्धवट जमिनीत ‘गार्डन’ मजला, मागे छोटं अंगण, अंगणामागे घोडागाडीसाठी बांधलेलं ‘कॅरेज हाउस’ आणि त्याच्या पाठीला लेन, म्हणजे मागची अरुंद गल्ली. पूर्वी एका कुटुंबाचं असलेलं हे घर आता तीन-चार भाडेकरूंत वाटलेलं असतं. कुठला भाग तुमच्या वाट्याला येतोय, त्यावर सुख-दुःख अवलंबून आहे.

गार्डन मजला स्वस्त आणि उन्हाळ्यात थंड, पण ओल तिथेच धरते. आत गेल्या गेल्या कपाट उघडा आणि वास घ्या. कोकणात श्रावणात बंद ट्रंक उघडल्यावर येतो तो वास आला, तर तिथे चामडी चपला, पुस्तकं आणि तुमची फुप्फुसं टिकणार नाहीत. भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यात रंगाचे पापुद्रे सुटलेत का, पाहा. जुन्या विटा पाणी ओढतात. त्यावर आतून नवा रंग मारला तरी चार महिन्यांत तो फुगतो. घर आवडलंच असेल तर ओल शोषणारं यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, मालक देणार का ते करारात लिहून घ्या.

वरचा मजला कोरडा आणि उजेडाचा, पण जुलैत छप्पर तापतं. तिथे एसी किती जुना आहे आणि उन्हाळ्याचं वीजबिल किती येतं हे विचारा. वीज जॉर्जिया पॉवरची असते आणि त्यांचे दर उन्हाळ्यात चढे असतात. उंच छत, जुन्या एकेरी काचेच्या खिडक्या आणि फटी असलेली दारं हे सगळं दिसायला सुंदर, बिलाला महाग. जिनाही मोजा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बारा-चौदा उंच पायऱ्या रोज चढायला लावणं क्रूरपणाचं आहे.

कॅरेज हाउस मिळालं तर भाग्य समजा. स्वतंत्र दार, लेनमध्ये शांतता, वर-खाली दोन छोट्या खोल्या. फक्त कचऱ्याच्या पेट्या लेनमध्येच असतात आणि कचरागाडी पहाटे तिथूनच जाते, हे लक्षात ठेवा.

लहान मुलं असतील तर शिशाच्या रंगाचं विसरू नका. १९७८ पूर्वीच्या घरांत शिसं असलेला रंग असू शकतो, आणि माहीत असेल ते लेखी कळवून छापील माहितीपत्रक देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. खिडकीच्या चौकटी जिथे घासतात तिथला भुगा सगळ्यात धोक्याचा. ती जागा ओल्या फडक्याने पुसत राहावी.

अनामत रकमेबद्दल थोडक्यात. २०२४ पासून जॉर्जियात दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही, आणि घर सोडल्यावर ती ३० दिवसांत परत द्यायची असते. आत जाण्याआधीच्या पडझडीची यादी मालकाकडून किंवा त्याच्या एजन्सीकडून सही करून घ्या आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून ठेवा. जुन्या घरात फटी आणि डाग आधीपासूनच असतात. ते तुमच्या नावावर चढू देऊ नका.

घर शोधायची वेळ म्हणाल तर स्कॅडचं वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं. ऑगस्टात शोधायला लागलात तर उरलंसुरलं मिळेल. एप्रिल-मे बरा.

४. गाडीचं काय करायचं

डाउनटाउनमध्ये राहूनही नोकरी गल्फस्ट्रीमला असेल तर गाडी हवीच. कारखाना विमानतळापाशी, म्हणजे वीसेक मिनिटं. ह्युंदाईला जायला अर्धा-पाऊण तास. दोघांत एक गाडी मात्र इथे आरामात पुरते.

बहुतेक घरांना स्वतःची पार्किंगची जागा नसते, रस्त्यावर लावायची. रहिवाशांसाठी नगरपालिकेचं स्टिकर मिळतं. त्यासाठी भाडेकरार आणि गाडीची नोंदणी लागते, त्यामुळे आधी तीच कामं उरका. जॉर्जियाचे रहिवासी झाल्यापासून ३० दिवसांत इथला परवाना आणि गाडीची नोंदणी करायची असते. ज्यांना रोज उशिरा येऊन जागा शोधायची नाही, त्यांनी नगरपालिकेच्या बहुमजली गॅरेजचा महिन्याचा पास घ्यावा.

दंड सगळ्यात जास्त होतो तो रस्ते झाडण्याच्या दिवशी. प्रत्येक रस्त्याच्या प्रत्येक बाजूचा वार आणि वेळ वेगळी असते आणि ती खांबावरच्या पाटीवर लिहिलेली असते. घर घेतल्याच्या पहिल्याच दिवशी आजूबाजूच्या चार रस्त्यांच्या पाट्यांचे फोटो काढा आणि फोनवर गजर लावा.

५. पायी फिरण्याची रीत

बे स्ट्रीटपासून फॉर्सिथच्या कारंज्यापर्यंत बुल स्ट्रीटने साधारण एक मैल. वाटेत जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन, मॉन्टरे असे पाच स्क्वेअर लागतात आणि तुम्ही त्यांच्या मधून सरळ चालत जाता, गाड्यांना मात्र वळसा. पहिल्या आठवड्यात रोज ही एक फेरी करा. गाव पायाखालचं होऊन जातं.

पायात रबरी तळव्याचे बूट हवेत. पदपथ विटांचे आहेत, ओकच्या मुळांनी ते जागोजागी उचलले आहेत, आणि पाऊस पडून गेला की शेवाळलेल्या विटा गुळगुळीत होतात. बे स्ट्रीटवरून खाली रिव्हर स्ट्रीटला जाणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या तर इतक्या उंच आणि अरुंद आहेत, की वयस्कर माणसाने लिफ्टनेच जावं. खालचा रस्ता जहाजांनी वजनासाठी आणलेल्या दगडांचा. बाळाची गाडी तिथे नेऊ नका.

ड्रेटन आणि व्हिटेकर फक्त सिग्नलवर ओलांडा. सायकल असेल तर प्राइस आणि लिंकन स्ट्रीटवर सायकलपट्टा आहे. पदपथावर आणि स्क्वेअरच्या आत सायकल हातात धरून चालायची.

पाय दुखले तर ‘डॉट’ नावाची मोफत बस आहे. नदीपलीकडच्या हचिन्सन बेटावर जाणारी फेरीबोटही फुकट. संध्याकाळी तिच्यात बसा. गार्डन सिटीच्या धक्क्याकडे निघालेलं कंटेनर जहाज शेजारून सरकतं, तेव्हा रिव्हर स्ट्रीटवरच्या चार मजली इमारती त्याच्यापुढे ठेंगण्या दिसतात. मुलांना याहून मोठी मौज नाही.

६. वाणसामान आणि स्वयंपाक

रोजचं दूध, ब्रेड, अंडी यांसाठी ग्विनेट स्ट्रीटवरचं क्रोगर. जुन्या गावाच्या दक्षिण भागातून ते चालत गाठता येतं. ड्रेटनवरचं पार्कर्स मार्केट ऐनवेळच्या गरजेला. चाकांची पिशवी घ्या, पाठीवर तांदूळ वाहू नका.

शनिवारी सकाळी नऊ ते एक फॉर्सिथ पार्कच्या दक्षिण टोकाला शेतकऱ्यांचा बाजार भरतो. उन्हाळ्यात तिथे कोवळी भेंडी मिळते आणि चवळीचे नाना प्रकार. सापेलो बेटावरची लाल चवळी दिसली तर सोडू नका. भेंडी आणि चवळी इथे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर आली. त्यांचे वंशज, गला-गीची लोक, या किनाऱ्यावर अजून ती पिकवतात आणि भाताबरोबर खातात. चवळीची उसळ आणि भात हा आपला बेत इथल्या शेजाऱ्यांना वाढून बघा, काही समजावून सांगावं लागत नाही. जॉर्जियाची कोळंबीही गोड असते. गोठवलेली परदेशी घेण्यापेक्षा स्थानिक मागा.

भारतीय वाणसामान मात्र जुन्या गावात नाही, गाडीने दक्षिणेकडे जावं लागतं. मोठी खरेदी बरेच जण अटलांटाला करतात. २५० मैल, चार तास. महाराष्ट्र मंडळ अटलांटाचेही कार्यक्रम असतात, तेव्हा एका फेरीत दोन्ही होतं.

७. हवा आणि किडे

मुंबईकर आणि कोकणातल्या माणसाला इथली दमट हवा नवी नाही. पुणेकराला आणि नागपूरकराला ती जड जाते. जून ते सप्टेंबर बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर करा. दुपारी विजांचा कडकडाट होऊन तासभर धो धो पाऊस पडतो आणि पुन्हा ऊन. मार्चमध्ये ओकचा जुना पाला गळतो, परागकणांची पिवळी पूड गाड्यांवर बसते आणि अॅलर्जीवाल्यांचे हाल होतात. आई-बाबांना बोलवायचं असेल तर ऑक्टोबरअखेर ते एप्रिल हा काळ बघा. भारतातल्या उन्हाळ्यापासून सुटका म्हणून मे महिन्यात त्यांना इथे आणण्यात काही अर्थ नाही.

मोठं, उडणारं, तपकिरी झुरळ दिसेल. लोक त्याला ‘पाल्मेटो बग’ म्हणतात. ते बाहेरून येतं आणि घर अस्वच्छ असल्याचं ते लक्षण नाही. दाराखालची फट बुजवा, नाल्यांवर जाळी लावा. वसंतात आणि शरदात संध्याकाळी डोळ्यांनाही नीट न दिसणारे ‘सँड नॅट’ चावतात. त्यांना पंख्याचा वारा सहन होत नाही. झाडांवर लोंबणारं राखाडी स्पॅनिश मॉस ही अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, झाडाचं ती काही खात नाही. जमिनीवर पडलेलं मॉस मात्र घरात आणू नका, त्यात बारीक किडे शिरलेले असतात.

८. वादळाची तयारी

हा भाग घाईत वाचू नका. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मॅथ्यू आलं, २०१७ च्या सप्टेंबरमध्ये इर्मा, आणि दोन्ही वेळा गाव सोडण्याचे आदेश निघाले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीनने वीज घालवली. जुनं गाव कड्यावर असल्याने समुद्राच्या लाटेची भीती किनाऱ्यावरच्या टायबी बेटाइतकी नाही. पण भरती-ओहोटीतला फरक इथे सात फुटांच्या आसपास असतो, आणि मुसळधार पाऊस भरतीच्या वेळीच आला तर गटारातलं पाणी नदीत उतरत नाही, रस्त्यावर साचतं. दीडशे वर्षांचे ओक तारांवर कोसळतात ते वेगळंच.

चॅटहॅम काउंटीच्या आपत्कालीन यंत्रणेचे, ‘सीमा’चे, फोनवर येणारे इशारे आल्या दिवशीच सुरू करून घ्या आणि गाव सोडण्याच्या आदेशासाठी आपलं घर कुठल्या झोनमध्ये येतं ते बघून ठेवा. भाडेकरूचा विमा घ्याच, पण तो पुराचं नुकसान भरून देत नाही. पुराचा विमा वेगळा असतो आणि तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. टीव्हीवर वादळाचा नकाशा दिसायला लागल्यावर तो काढून उपयोग नाही, मेमध्येच काढा. गार्डन मजल्यावर राहणाऱ्यांनी तर यात चालढकल करू नये.

गाव सोडायचा आदेश आला की निघायचं. आय-१६ महामार्गाच्या सगळ्या मार्गिका पश्चिमेकडे वळवल्या जातात आणि तरीही गर्दी होते, म्हणून आदेशाच्या आदल्या दिवशी निघालेलं उत्तम. पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद), आय-२० (विद्यार्थ्याचं प्रवेशपत्र), नोकरीची कागदपत्रं, भाडेकरार आणि औषधं एका जलरोधक पिशवीत कायम तयार ठेवा. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला हीच पिशवी सगळ्यात मोलाची. अटलांटा किंवा मेकनकडे कोणाकडे उतरायचं, हे जूनमध्येच बोलून ठेवा. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी काउंटीची बस कुठून सुटते ते आधी विचारून ठेवावं.

९. विकत घेणार असाल तर

थोडक्यात सांगते, कारण याला वकील आणि जुन्या घरांचा जाणकार निरीक्षक लागतोच. १९६६ पासून हे गाव राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा क्षेत्र आहे. बाहेरून दिसणारा कोणताही बदल, मग तो खिडकीचा असो, कुंपणाचा असो की सौर पॅनेलचा, करण्याआधी ‘सर्टिफिकेट ऑफ अप्रोप्रिएटनेस’, म्हणजे तो बदल जुन्या गावाला साजेसा असल्याची परवानगी, लागतं. वाळवीचा करार, ज्याला इथे ‘टर्माइट बाँड’ म्हणतात, चालू आहे का ते बघितल्याशिवाय सही करू नका.

या नियमांचा त्रास वाटेल, पण त्यांच्यामागे घडलेली गोष्ट माहीत असावी. १९५४ मध्ये एलिस स्क्वेअरवरचा जुना बाजार पाडून तिथे वाहनतळ बांधला गेला. पुढच्याच वर्षी डेव्हनपोर्ट हाउस हे १८२० चं घर पाडायची वेळ आली, तेव्हा सात बायकांनी पुढे होऊन पैसे जमवले, ते घर विकत घेतलं आणि हिस्टॉरिक सव्हॅना फाउंडेशन सुरू केलं. त्यातून एकेक घर वाचलं. एलिस स्क्वेअरवरचा वाहनतळही अखेर पाडला गेला, गाड्या जमिनीखाली गेल्या आणि २०१० मध्ये वर पुन्हा मोकळी जागा झाली. आज तिथल्या कारंज्यांत मुलं भिजतात.

१०. गावाची ओळख करून घ्या

पहिल्या महिन्यात ओवेन्स-थॉमस हाउस हे वाड्यातलं संग्रहालय बघा, आणि पुढच्या वाड्यापेक्षा मागची गुलामांची घरं निवांत बघा. तिथल्या छतावर जुना निळा रंग अजून टिकून आहे, ‘हेंट ब्लू’. वाईट आत्मे दूर राहावेत म्हणून गला-गीची लोक तो लावत. मान वर करून बघितलंत तर रंग सलग नाही, कुठे दाट, कुठे विटलेला. कोणाच्या तरी हाताने लावलेला तो स्पष्ट दिसतो. फ्रँकलिन स्क्वेअरवरचं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च १८५९ मध्ये गुलामगिरीतल्या माणसांनी दिवसभराच्या कामानंतर बांधून पूर्ण केलं. ज्या राखाडी विटांच्या घरात तुम्ही राहणार आहात, त्या ‘सव्हॅना ग्रे’ विटाही हर्मिटेज मळ्यावर गुलामांनी हाताने पाडलेल्या. घरभाड्याच्या जाहिरातीत त्या विटांचं कौतुक असतं, पण त्या कोणी घडवल्या ते नसतं. मुलांना ते आपण सांगावं.

डाउनटाउन नेबरहुड असोसिएशनचे सभासद व्हा. पार्किंग, आवाज, पर्यटक-भाडं यांवरच्या चर्चा तिथे होतात आणि नव्या माणसाचंही ऐकून घेतात. मार्च महिना सुरू होण्याआधी त्यांच्याकडून किंवा शेजाऱ्यांकडून सेंट पॅट्रिक दिनाच्या रस्ताबंदीचा नकाशा मिळवा. १८२४ पासूनची ही मिरवणूक देशातल्या सगळ्यात मोठ्या मिरवणुकांपैकी आहे. १७ तारखेला स्क्वेअर पहाटेपासून भरतात आणि मिरवणुकीच्या वाटेवरच्या गाड्या आदल्या रात्रीच उचलून नेल्या जातात. गाडी दोन दिवस आधी व्हिक्टोरियन डिस्ट्रिक्टच्या दक्षिणेला नेऊन लावा, फ्रिज भरून ठेवा, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर खुर्च्या मांडा.